पावसाची हजेरी
त्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या खुरपणीच्या बायका काम सोडून बांधावर बसल्या. सगळ्यांत पुढं माझी आई. रोजानं जाणाऱ्यांसाठी तिथला नियम असा, की सर आली आणि काम थांबलं की अर्धीच हजेरी, म्हणजे अर्धीच मजुरी. कधी तीही नाही. "पाऊस काय आम्ही आणतो?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा सिंगापूरला, वन-नॉर्थमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करत होते. त्या शेताच्या मालकांचा मुलगाही तिथंच बँकेत होता. मी नवीन आले तेव्हा खोली मिळेपर्यंत त्याच्याच घरी राहिले होते. त्याला मी दादा म्हणायचे, गावाकडच्या सवयीनं अहो-जाहो करायचे.

एका रविवारी त्यानं ईस्ट कोस्टला जेवायला बोलावलं. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मंडईत, ताटं घेऊन बसलो आणि त्यानं सरळ विषय काढला. "तुझ्या आईला समजाव. शेतभर तण माजलंय. बाबांना या वयात हा त्रास? आमच्या घरी राहिलीस, ते विसरलीस का?"

उपकार खरेच होते.

"नाही विसरले, दादा. पण ते मी फेडायचं. बांधावरच्या बायकांनी का? परवा इथं दुपारभर धो धो कोसळत होता. तुमचा पगार कापला कुणी?"

"बँक आणि शेत एक नाही. पीक गेलं तर आमचं जातं."

"जातं ना. पण भरघोस आलं, तर बायकांना जास्त देता? मग तोट्यातच वाटा का त्यांचा?"

तो अर्धं ताट टाकून उठला.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मोबाईलवर आईशी बोलले. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुझी नोकरी त्याच्या हातात हाय का?"

"नाही."

"मग रागावू दे. जेवलीस का, ते सांग."

आठवडाभरात मालक नमले. दुपारनंतर पाऊस आला तर पुरी हजेरी ठरली. सकाळच्या पावसाचं मात्र जमलं नाही. आईला त्यांनी पुन्हा कामावर घेतलं नाही. ती शेजारच्या गावात जायला लागली आणि खुरपं हातात धरण्याआधी पावसाचं बोलून घ्यायची.

गणपतीत मराठी मंडळी जमली होती. दादानं मान फिरवली. त्याच्या बायकोनं विचारलं, "ह्यांच्याशी काय बिनसलं गं तुझं?"

मी सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.