हनुवटी वर झाली की थांबायचं

आमच्या क्लेझमर बँडमध्ये चार माणसं होती आणि त्यांतल्या तिघांना क्लेझमर कशाशी खातात हे आधी माहीतही नव्हतं. त्या तिघांत मी एक. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचं हे लग्नकार्यातलं संगीत, एवढं ज्ञान मला झालं ते हॅनोव्हरला डॉक्टरेट करायला गेल्यावर. युनिव्हर्सिटीच्या कँटीनबाहेर कुणीतरी हातानं लिहून चिकटवलं होतं: 'व्हायोलिन वाजवणारं माणूस हवं. नोटेशन वाचता येत नसेल तरी चालेल.' मला नोटेशन वाचता येत नव्हतं. म्हटलं, ही जाहिरात तर माझ्याच नावानं निघाली आहे.

ती चिकटवणाऱ्या बाई युक्रेनमधल्या ओडेसाच्या, ज्यू. तिकडे बालवाडीत अकॉर्डियनवर मुलांना गाणी शिकवायच्या. नवरा गेल्यावर एकुलत्या एका लहान मुलीला घेऊन जर्मनीत आल्या आणि इथे घरोघरी पियानोच्या शिकवण्या करू लागल्या. शाळेत शिकलेलं सगळं संगीत सरकारी होतं, पण वडील दाढी करताना जुन्या लग्नातल्या चाली गुणगुणायचे, त्या यांच्या डोक्यात राहिल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर त्यांनी बँड काढला. मी मनातल्या मनात त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे.

क्लॅरिनेटवाला इंगोलश्टाटजवळच्या खेड्यातला, गाड्यांचा इंजिनिअर, नोकरीसाठी उत्तरेला आलेला. लहानपणापासून गावच्या बँडपथकात वाजवलेलं, त्यामुळे कुठलीही करुण चाल त्याच्या तोंडून निघाली की कवायतीला उभी राहायची. डबल बास वाजवणारे आजोबा निवृत्त चर्च ऑर्गनिस्ट. ऑर्गनमध्ये खालचे जाड सूर पायांनी वाजवतात. आता हातात बास आला तरी त्यांचे पाय खाली आपले वेगळेच वाजवत असत. जन्मात कधी नाचलो नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.

आणि मी. सांगलीच्या गुरुजींकडे शिकलेली, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवणारी. उभं राहून वाजव म्हटलं तर मला सा सापडेना. शेवटी आजोबांनी चर्चमागच्या हॉलमधलं एक बुटकं टेबल शोधून काढलं, बाईंनी त्यावर पांघरूण घातलं आणि मी बाजारात मांडलेल्या गणपतीसारखी तिथे बसू लागले. बाईंची पहिली चाल ऐकली आणि मी उडालेच. हा तर चक्क बसंतमुखारी! फक्त तो सकाळचा राग आणि आमची तालीम संध्याकाळी. मी अवघडून तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे लग्न सकाळपर्यंत चालतं. तू जरा लवकर सुरुवात केलीस, एवढंच."

माझं खरं भांडण क्लॅरिनेटवाल्याशी. मी जन्माची साथीला बसणारी. गायक श्वास घ्यायला थांबला की त्याचीच शेवटची ओळ आपण तारांवर उमटवायची, जागा रिकामी ठेवायची नाही, पण गायकानं पुन्हा तोंड उघडलं की निमूट बाजूला व्हायचं, हे गुरुजींनी हाडात मुरवलेलं. क्लॅरिनेटवालाही श्वास घेणारच. त्यानं तो घेतला की मी शिरायची.

"आल्झो, म्हणजे मला सांग, माझ्या श्वासात तू का घुसतेस?" तो लाल होऊन विचारायचा.

"तू श्वास घेतोस म्हणून," मी म्हणायचे.

अशी चार दिशांची चार तोंडं एका जागी आणून थांबवायची कशी? बाईंचे दोन्ही हात अकॉर्डियनमध्ये अडकलेले. मग त्यांनी खूण ठरवली. हनुवटी वर झाली की थांबायचं. आजोबांना आयुष्यभर पाद्रीबुवांच्या मानेकडे बघायची सवय, क्लॅरिनेटवाल्याला बँडमास्तरच्या काठीकडे. दोघंही त्या हनुवटीवर डोळे रोखून असत. मी डोळे मिटून वाजवायचे, त्यामुळे रोज सगळ्यांच्या मागून थांबायचे आणि रोज बोलणी खायचे.

मग बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा हॅनोव्हरचाच, जर्मन. मुलीनं डीजे ठरवलेला होता. एका तालमीला ती आईला न्यायला आली, तेव्हा बाईंनी आमच्यासमोरच तिला विचारलं, तुझ्या लग्नात आम्ही वाजवू का? बाई रशियनमध्ये बोलल्या, मुलीनं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं, म्हणून आम्हाला सगळं कळलं.

"ममा, माझ्या ऑफिसमधले लोक कॉफीचे कप धरून बसतील. छान आहे, इंटरेसांट आहे, असं म्हणतील आणि तुझ्याकडे दयेनं बघतील. माझ्या लग्नात मला ते बघवणार नाही."

बाई अकॉर्डियनचे पट्टे आवळत बसल्या. मुलीलाच वाईट वाटलं असावं. तिनं तोडगा काढला: केक येईपर्यंत तुम्ही वाजवा, पण लोक बसून राहिले तर मी डीजेला खूण करीन, आणि मग तू रागवायचं नाहीस.

ती गेल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, "माझ्या लग्नात, सोव्हिएत काळात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडक्या लावून नुसता रेडिओ लावला होता. कुणी नाचलं नाही. मला माझ्या मुलीला नाचताना बघायचंय, आमच्या चालीवर." मला इतकं भरून आलं की मी उगाच गजाला राळ घासत राहिले.

त्यात आणखी एक अडचण. त्यांच्यात रीत अशी, की शेवटचं मूल लग्न होऊन जातं तेव्हा आईला मधोमध खुर्चीवर बसवतात, डोक्यावर फुलांचा मुकुट घालतात आणि सगळे तिच्याभोवती फेर धरतात. एकुलती एक म्हणजे पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. तेव्हा बाई खुर्चीत, अकॉर्डियन कोपऱ्यात, आणि पुढे कोण? "तू," बाई मला म्हणाल्या. "पूर्वी व्हायोलिनच पुढे असायचं." माझी पाचावर धारण बसली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, परक्यांच्या लग्नात वाजवणार? निदान चांगली साडी तरी नेस."

लग्न रविवारी दुपारी, माशझे तलावाच्या काठच्या एका हॉलमध्ये. मी जांभळी रेशमी साडी नेसून बुटक्या टेबलावर. बऱ्याच पाहुण्यांनी आधी माझेच फोटो काढले. आम्ही सुरू केलं आणि मुलीचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. कॉफीचे कप, कलत्या माना, सभ्य टाळ्या. क्लॅरिनेटवाला घाबरला की सरळ रेषेत वाजवतो, तसा वाजवत होता. मी पुढे असून मागेच राहत होते. डीजे हेडफोन गळ्यात घालून तयार. बाईंना खुर्चीवर बसवलं, पांढऱ्या फुलांचा मुकुट घातला. त्यांचे चार नातेवाईक, मुलगी आणि जावई एवढ्यांनीच फेर धरला. मुलगी हसत होती, पण तिचं सगळं लक्ष टेबलांकडे होतं. बाईंचंही. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मुकुट बाईंच्या डोक्याला मोठा झाला होता. तो कपाळावरून घसरू लागला. खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या दोन भाच्यांनी त्यांचे हात धरलेले, म्हणून तो सावरायला बाईंनी हनुवटी वर केली.

झालं! आजोबा थांबले, क्लॅरिनेट थांबली. फेरातल्यांचा एकेक पाय हवेत. सगळ्या हॉलमध्ये चिडीचूप. डीजेचा हात बटणाकडे गेला, हे मला मागाहून क्लॅरिनेटवाल्यानं सांगितलं. माझे डोळे मिटलेले. मला एवढंच कळलं, की जागा रिकामी झाली आहे. हातानं मला न विचारता ती भरली. तीच शेवटची ओळ मी एकटीनं वाजवली आणि वाट पाहिली. कुणी घेईना. पुन्हा वाजवली, जरा चढवून. तरी कुणी घेईना. आता गायकच नाही म्हटल्यावर बाजूला व्हायचं तरी कुणासाठी? तिसऱ्यांदा मी सा वर अशी काही ठिय्या देऊन बसले, की सांगलीला असते तर गुरुजी उठून उभे राहिले असते.

"हेय!" कुणीतरी ओरडलं. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. क्लॅरिनेटवाल्यानं ते ओळखलं आणि खालपासून वरपर्यंत असा एक हसरा सूर ओढत शिरला, की त्याच्यातली कवायत जागच्या जागी मेली. आजोबा दोन्ही पायांनी ठेका धरून बास कुटू लागले. फेर सुटला तो धावतच. नवऱ्या मुलाची जाडजूड मावशी कप ठेवून उठली. तिच्या मागून तिचं सगळं टेबल उठलं.

मी डोळे उघडले. खुर्चीत बसलेल्या बाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की मी ओळखलं, आता ही बाई काहीतरी करणार. त्यांनी मुद्दाम हनुवटी वर केली. आम्ही थांबलो. सगळा हॉल एका पायावर. मी एकटीनं ओळ वाजवली, हनुवटी खाली आली आणि छप्पर उडेल असा "हेय!" झाला. मग काय विचारता! बाई खुर्चीत बसून हनुवटीनं अख्खा हॉल खेळवू लागल्या. लोक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्या नजरेत दया औषधालाही नव्हती. ऑफिसातले सगळे फेरात होते, एका फेराचे तीन फेर झाले होते आणि मधल्या फेरात, बूट भिरकावून दिलेली, घामानं केस चिकटलेली बाईंची मुलगी नाचत होती. माझ्या आयुष्यात मी इतकी पुढे कधी बसले नव्हते. खरं सांगते, त्या दिवशी मी चांगलं वाजवलं.

केक आला. ढकलगाडीवर, फुलबाज्या लावून, दारातच अडकून राहिला, कारण आत यायला वाट नव्हती. आम्ही शब्दाला जागून थांबलो. डीजेनं मुलीकडे बघितलं. बाईंनी मुकुट काढून बाजूला ठेवला. मुलीला म्हणाल्या, "बरं. आता तुझं लावू दे."

मुलगी कोपऱ्यात गेली. पांढरा झगा एका हातानं सावरत, ते जड अकॉर्डियन दुसऱ्या हातानं ओढत तिनं आणलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि पट्टे तिच्या खांद्यांवर चढवले.

"केक थांबेल, ममा," ती म्हणाली. "तू वाजव. मला तुझ्या वाजवण्यावर नाचायचंय."

बाईंनी वाजवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, बोटं जागोजागी चुकत होती, आणि त्यांची मुलगी नाचत होती.