काडेपेटीएवढी जागा

बंगळुरात चामराजपेटच्या ज्या गॅरेजमध्ये मी स्कूटर नेतो, तिथले मिस्त्री प्रत्येक गाडीवाल्याला आधी एकच प्रश्न विचारतात, "शेजारी कोण बसतं?" ते बिडी ओढत नाहीत, पण खिशात काडेपेटी असते. ती मापासाठी.

गेल्या शनिवारी मी तिथे असताना इंदिरानगरात राहणारा एक पुणेकर तरुण जुन्या जीपच्या चासीवर स्वतः बांधलेली गाडी घेऊन आला. मागची चाकं फिरवणारा लांब दांडा तुटलाच, तर तो उसळून बसणाऱ्यांच्या पायांवर येऊ नये, म्हणून त्याभोवती लोखंडी कडं बसवायचं होतं. दुपारी तो बायकोला, मिस्त्रींच्या भाषेत 'अक्कां'ना, घेऊन घाटात निघणार होता.

कडं बसलं, काडेपेटी आतून सहज गेली. मिस्त्रींनी जॅक काढला, त्या तरुणाला आणि मला गाडीत बसवलं आणि खाली सरपटत जाऊन दांडा व कड्याच्या मध्ये पुन्हा काडेपेटी सरकवली. ती अडकली.

"अण्णा, मघाशी तर जात होती!" तरुण म्हणाला.

"मघाशी गाडी रिकामी लटकत होती, सर. माणसं बसली की दांडा वर येतो."

"स्वल्प ॲडजस्ट करा ना. उशीर होतोय."

"घाट कुठं पळून चाललाय?"

त्यांनी कडं काढलं, मोठं करून पुन्हा बसवलं. आता काडेपेटी दांड्याभोवती सहज फिरली. तरुणाने गाडी सुरू केली, तेव्हा मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले, पाय नेमके दांड्याच्या बाजूला. दोघे चांगले अर्धा तास फिरून आले.

मिस्त्री उतरले, त्यांनी पँट झटकली.

"सरी, ठीक आहे. आता अक्कांना बसवा."