सरांचा निळा नकाशा

दुष्काळात आमच्या ऑफिसच्या माठात पाणी टिकायचं नाही, किस्से मात्र काठोकाठ! काम होतं उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक झरे कुठं असू शकतील याचा नकाशा करायचं. साहेब म्हणजे कुलकर्णी सर, हाताखाली मी आणि गायत्री.

सरांनी पडेगावच्या पुढं नवा फ्लॅट घेतलेला. नळ कोरडे, सगळा कारभार टँकरवर. वहिनींनी बजावलं होतं, "पाण्याची काहीतरी सोय लावा, नाहीतर मी चालले पैठणला, माहेरी!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

*

ऐन मे महिन्यात दौलताबादच्या बाजूला चित्रात हिरवागार ठिपका दिसला. "ओलावा! झराच असणार!" सर जीपमध्ये बसलेसुद्धा.

पोचलो तर एका रिसॉर्टचं लॉन. माळी म्हणाला, "झरा हाय की साहेब! रोज सकाळी टँकरनं येतो."

*

तिथंच डोंगराच्या पायथ्याला नकाशा 'शक्यता अति उच्च' सांगत होता. रिकामा हंडा घेऊन निघालेल्या एका आजीला सरांनी थांबवलं, लॅपटॉप उघडला आणि उतार, खडक, भेगा, सगळं समजावलं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"शक्यता लई हाय बाबा, पाणी तेवढं नाय!"

*

मोठ्या साहेबांसमोर प्रेझेंटेशन. सर रंगात आलेले, "पाण्याच्या बाबतीत हे शहर स्वयंपूर्ण होऊ शकतं..." तेवढ्यात फोन वाजला आणि गडबडीत स्पीकर सुरू झाला.

"अहो, टँकर आलाय! पाईप कोण धरणार?"

सर निघाले. उरलेली स्वयंपूर्णता गायत्रीनं वाचून दाखवली.

*

शेवटी नकाशा पक्का झाला. सगळ्यात गडद निळा ठिपका नेमका सरांच्या बिल्डिंगवर!

सर भडकले. "मॉडेल चुकलंय! तिथं मी राहतो, मला विचारा!"

तरी खात्री करायची म्हणून तिघंही गेलो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये मोटर घरघरत होती आणि जाडजूड पाईपातून नितळ पाणी गेटबाहेरच्या नालीत पडत होतं. वहिनी खाली आल्या. म्हणाल्या, "ही बारा महिने चालूच असते. बंद केली की गाड्या बुडतात."

गायत्रीनं आणि मी सरांकडं बघितलं.

"ते सीपेज आहे, जमिनीतला पाझर," सर म्हणाले. "सीपेज वेगळं, झरा वेगळा!"

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. टँकर आला होता आणि त्याचं चाक नालीच्या चिखलात रुतलं होतं. वहिनी बॅग भरायला वर गेल्या.

सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्यावर ओरडले, "बघत काय राहिलात? धक्का मारा!"