सोळा अंशांची शिक्षा

मी तोंडाळ बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. नकाशा कचेरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली चौदा कर्मचारी संघटनेची सेक्रेटरी म्हणून. त्या चौदा वर्षांत मी पुष्कळांचं भलं केलं. एका बाईचं तर इतकं भलं केलं, की ती मरता मरता वाचली.

ती आमच्याकडे ट्रेसर होती. जुना, जीर्ण नकाशा काचेच्या टेबलावर पसरायचा, काचेखाली दिवा लावायचा, वर पातळ कागद घालायचा आणि एकेक रेघ शाईने उतरवायची, हे काम. तिचा हात असा, की नदीचं वळण काढायला घेतलं की आम्ही आपापलं काम सोडून बघत राहायचो. बोलणं मऊ, चालणं हळू. घरी शिंपी नवरा आणि सासू. माझ्याहून सहाच महिन्यांनी लहान, तरी मला ताई म्हणायची. मीही तिला हक्काने रागवायची.

आता आमचा हॉल ऐका. दुसरा मजला, डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळ्यात दुपारी छत असं तापायचं, की उंच माणसाने वर हात करायला घाबरावं. त्यात प्रत्येकाच्या नाकाखाली काचेचं टेबल आणि त्यात पेटलेला दिवा. आणि पंखे बंद! कारण पंखा लावला की पातळ कागद फडफडतो, ओली शाई फरफटते आणि गाव नदीत जातं. ‘रेखन चालू असताना पंखे बंद ठेवावेत’ अशी पाटीच होती भिंतीवर. आम्ही सगळे घामाने निथळत रेघा ओढायचो आणि त्याला शिस्त म्हणायचो.

या बाईची तऱ्हाच वेगळी. टेबलाखाली पाण्याची परात, त्यात पाय. मानेवर ओला रुमाल. दर अर्ध्या तासाने उठून नळावर जायची आणि मनगटं धारेखाली धरून उभी राहायची. चहाच्या खोलीतल्या फ्रिजमधला बर्फ तर तिने जवळजवळ आपल्या नावावरच करून घेतला होता. आम्ही काय म्हणायचो? नखरे! आणि आम्ही म्हणजे कोण, तर सर्वांत आधी मी. “राणीसरकारांना हिमालयात महाल बांधून द्या गं कुणीतरी,” असं मी एकदा भर चहाच्या वेळी म्हटलं, तेव्हा सगळे खो खो हसले. तीही हसली. तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरं कारण नव्हतं असं मला तेव्हा वाटलं.

सकाळी तिच्या रेघा सुतासारख्या सरळ असायच्या. दुपारी दोननंतर मात्र काहीतरी बिनसायचं. रेघ थरथरायची, दोन रस्त्यांचे तीन रस्ते व्हायचे. एकदा तर तिने एक कालवा सरळ एका शाळेच्या इमारतीतून नेला. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून झापलं. ती खाली मान घालून उभी राहिली आणि जागेवर येऊन पुन्हा पाय परातीत घालून बसली.

आमच्या कचेरीत झापण्याच्या वरची शिक्षा एकच होती. तळघर. तिथे जुन्या नकाशांच्या फिल्मा ठेवलेल्या. फिल्मा गरमीने खराब होतात, म्हणून तिथे बारा महिने, चोवीस तास सोळा अंश. खिडकी नाही, ऊन नाही, फोन लागत नाही, शेजारी गप्पा मारायला माणूस नाही. यंत्राची घरघर तेवढी सोबतीला. ज्याच्यावर साहेबांची खप्पा मर्जी व्हायची त्याला तिथे धाडायचे. महिन्याभरात माणूस गुडघे धरून वर यायचा आणि साहेबांना दोन वेळा नमस्कार घालू लागायचा.

तर एका मंगळवारी, ऐन दुपारी, आमच्या या मऊ बाईने काय करावं? साहेब हॉलमध्ये आले होते. स्वतः काढलेला एक आराखडा त्यांनी मोठ्या हौसेने टेबलावर पसरला. सगळे ‘वा, वा’ करत होते. ही उठली, जवळ गेली आणि म्हणाली, “हे साहेबांनी काढलंय की कागदावरून कोंबडी चालत गेलीय?”

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. “काय म्हणालात?” त्यांनी विचारलं. आणि काय सांगू, या बाईने ते वाक्य पुन्हा म्हटलं! शब्द न शब्द तेच, जरा मोठ्याने.

संध्याकाळपर्यंत तळघराचा हुकूम हातात पडला. वाचताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, “रडू नकोस. ही सेक्रेटरी मेलेली नाही अजून.” ती आणखीच रडायला लागली.

पंधरा दिवसांनी मी तिला बघायला खाली गेले. स्वेटर, शाल, कानाला रुमाल, असा जामानिमा करून. जिन्यावरच मला गाणं ऐकू आलं. आत डोकावले तर ही बाई पातळ सुती कपड्यांत, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, फिल्मांचे डबे लावत गुणगुणत होती. माझ्या चपलेचा आवाज झाला मात्र, तिने झपकन खुर्चीवरची शाल ओढली, अंगभर गुंडाळली आणि खोकायला लागली.

कुणाही शहाण्या माणसाला यातून काहीतरी उमगलं असतं. मला काय उमगलं? की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मग मी पदर खोचला. तीन सभा घेतल्या. एक्केचाळीस सह्या गोळा केल्या. ‘तळघर ही कोठडी आहे, कचेरी नव्हे’ हे वाक्य मी स्वतः लिहिलं आणि अजूनही मला ते आवडतं. ती मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यामागे लागायची. “ताई, राहू द्या ना. मला काही त्रास नाही.” मी म्हणायची, “असंच बोलून बोलून तुम्ही लोक दबता!” तिने नवऱ्यालाही पाठवलं. गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून तो आला, बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, “तिला थंडी सोसते हो बाई.”

“सोसते? तुम्हाला शोभतं का हे बोलायला?” मी त्याला असं फैलावर घेतलं, की त्याने पाणीसुद्धा न पिता काढता पाय घेतला. नवरे मेले सगळे सारखेच, असं मी त्या दिवशी पाच जणींना सांगितलं.

आणि आम्ही जिंकलो. साहेब नमले. नुसते नमले नाहीत, माझी मागणी त्यांनी काना-मात्रा न बदलता मान्य केली: यापुढे कुणाही कर्मचाऱ्याला दिवसात एका तासाहून जास्त तळघरात ठेवता येणार नाही. बाईची जागा पुन्हा वर, खिडकीजवळ, मानाची. दोन बाजूंनी ऊन येणारी खिडकी. कडक उन्हाळा सुरू झालेला. ती जिना चढून आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिचा हात धरून उंच केला. हात गार होता आणि कापत होता. मला वाटलं, आनंदाने.

तिसऱ्या दिवशी अडीच वाजता तिच्या हातातून पेन पडलं. वाकून उचलायला गेली ती खालीच बसली. मी धावले. ती माझ्याकडे बघत होती, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. “कोण आहे?” म्हणाली. मी तिला दोन जणींच्या मदतीने नळाच्या खोलीत नेलं, त्यांना डॉक्टरांना फोन करायला पिटाळलं आणि कपडे सैल करायला लागले. आत तिने एक जाड बंडी घातली होती. पुढे चार, मागे चार, असे आठ खिसे, बारीक टाक्यांनी शिवलेले. प्रत्येक खिशात बर्फाची पिशवी. आठही पिशव्यांतलं पाणी कोमट झालं होतं.

“फोन नको,” ती म्हणाली. “ताई, नुसतं पाणी ओता.”

मी दारातूनच ओरडून त्या दोघींना थांबवलं आणि तांब्यावर तांब्या तिच्या डोक्यावर ओतत राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तिची बोटं हलली, मग पाय. मग तिने माझ्याकडे नीट, माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि सांगितलं. नसांवरचं वेष्टण झिजत जाण्याचा आजार. चार वर्षं झाली. अंगातली उष्णता अर्धा अंश जरी वाढली, तरी मेंदूचा निरोप नसांतून नीट जात नाही. डोळ्यांपुढे धुकं येतं, पाय आपले राहत नाहीत. अंग गार झालं की सगळं परत येतं. चूल पेटवायची ती पहाटे, आंघोळ थंड पाण्याने, कपडे ओले करून वाळायच्या आत घालायचे. सासू म्हणते, गार पाण्यानेच आजार जडलाय, आणि संधी मिळाली की हिच्या अंगावर पांघरूण घालते.

“अगं मग बोलली का नाहीस? मी आकाशपाताळ एक केलं असतं!”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “ज्याचा हात थरथरायचा तो कारकून आठवतो ना? त्याच्यासाठी तुम्ही आकाशपाताळ एक केलं होतं. मग त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं. ‘कामास अपात्र’ म्हणून शेरा मिळाला आणि तो घरी बसला.”

मी तांब्या पुन्हा नळाखाली धरला.

“मला घरी नाही बसायचं, ताई. गार जागेत माझा हात अजून चालतो. मला फक्त गार जागा हवी होती.” एवढं बोलून ती रडली, आणि या वेळी तरी मला ते रडणं कळलं.

आता पेच बघा. आजार सांगायचा नाही. तळघरात कुणाला ठेवायचं नाही, हा तर माझाच नियम. हिने साहेबांच्या कागदावरून रोज एक कोंबडी चालवली असती तरी ते तिला खाली धाडू शकत नव्हते. मी दोन रात्री तळमळले आणि तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, संघटनेने विचार बदलला आहे. तळघराची जागा उत्तम आहे. बाईंना परत खाली पाठवा, कायमचं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. “लिहून द्याल?”

दिलं लिहून. ‘कोठडी’ हा शब्द अतिशयोक्तीचा होता, हेही लिहिलं. साहेबांनी तो कागद सूचना फलकावर लावला, चार टाचण्या मारून. दुपारपर्यंत कचेरीभर झालं: सेक्रेटरीबाई विकल्या गेल्या. पुढच्या निवडणुकीत मला माझं स्वतःचं एक मत पडलं. जिच्यासाठी सह्या गोळा केल्या तिलाच खड्ड्यात ढकललं म्हणून लोकांनी माझ्याशी चहाला बसायचं सोडलं.

आणि ती? ती खाली सुखात होती, पण वर येताना लांब चेहरा करून यायची. आणि तळघरातून येऊन माझ्याशी गोड बोलली तर लोकांना संशय येणार! म्हणून मला सर्वांत मोठ्याने शिव्या तीच घालायची. “या बाईने माझा घात केला,” असं भर हॉलमध्ये म्हणायची. तिला हे छान जमायला लागलं होतं, जरा जास्तच छान. एकदा तर मी जिन्यात गाठून म्हटलं, “अगं, जरा बेताने.” तर हसून म्हणाली, “रंगात आले होते, ताई.” नऊ वर्षं चाललं हे. नऊ वर्षांत तिने खालच्या साऱ्या फिल्मा तपासल्या, तुटलेल्या रेघा भिंगाखाली जोडल्या. ते काम पाहायला दुसऱ्या कचेऱ्यांतली माणसं स्वेटर घालून यायची.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. पेन्शनचे कागद हातात पडले, आता कुणी अपात्र ठरवू शकत नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम अर्थात वरच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला. ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. आजार, कोंबडी, बंडी, मी. “ताईंनी माझ्यासाठी स्वतःचं नाव मातीत घातलं,” म्हणाली. मी मान वर केली. नऊ वर्षांनी पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये मान वर केली. वाटलं, आता तरी.

तर पुढच्या रांगेतल्या एकीने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, “बघा, केवढं मोठं मन! जिने वाटोळं केलं तिलाही पाठीशी घालतेय. काय काय रचून सांगावं लागतंय बिचारीला!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठून एकेकाची हजेरी घ्यावी म्हणून मी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात तिचा हात टेबलाची कड शोधताना दिसला. पाय जात होते. मी धावले आणि तिला कमरेला धरून जिन्याकडे नेलं. मागून आवाज आला, “आता मोठा कळवळा!”

खाली आम्ही दोघी बसलो. मी तिची बंडी काढली, यंत्रासमोर खुर्ची ओढून दिली, ओला रुमाल मानेवर ठेवला आणि वरच्या सगळ्यांना नावं ठेवत राहिले, जेवढी येत होती तेवढी. ती डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

“दिसायला लागलं का गं?”

“हो,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही कुडकुडताय.”

मग तिने खुर्चीच्या पाठीवरची आपली ती जुनी शाल ओढली आणि माझ्या अंगावर घातली.