यंदाची बॅच भारी हाय!

जिंकणाऱ्या संघाकडं कप साठतात, हरणाऱ्याकडं किस्से. आमच्या बारामतीच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ म्हणजे किस्स्यांचं गोदामच! मी स्वतः तीन वर्षं या संघात होतो. म्हणजे बाकावर होतो. त्यामुळे सगळं नीट दिसायचं. आता ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान सांभाळतो, पण संध्याकाळी साडेपाचला पाय आपोआप कोर्टाकडं वळतात. पायऱ्यांवर आम्ही चार-पाच माजी खेळाडू, आणि मध्ये तात्या.

तात्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले. कॉलेजच्या पहिल्या संघातले. हे कोर्ट झालं तेव्हा त्यांनी सिमेंटची घमेली स्वतः उचलली होती. अजून रोज सकाळी येऊन झाडतात आणि फक्कीनं रेषा मारतात. फर्स्ट इयरची नवी पोरं आली, की त्यांचं एकच वाक्य: "यंदाची बॅच भारी हाय!"

वीस वर्षं तात्या हे म्हणतायत आणि वीस वर्षं संघ पहिल्या फेरीत हरतोय. दोघांनीही सातत्य सोडलेलं नाही.

*

ॲडमिशनच्या आठवड्यात तात्या ऑफिसच्या दारासमोर खुर्ची टाकून बसतात. मार्कशीट कॉलेजनं बघावी. जो दारातून वाकून आत जाईल, तो आपला!

यंदा एक चांगलेच उंच गृहस्थ वाकून आत शिरत होते. तात्यांनी त्यांचा दंडच धरला.

"कुठल्या गावचं?"

"मी नवीन प्राचार्य. आजच रुजू होतोय."

तात्यांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "चालंल की! साडेपाचला या, बूट घालून."

साहेब साडेपाचला आले, पण चपला घालून आणि मोजायची टेप घेऊन. "मुलांच्या टू-व्हीलर रस्त्यावर लागतात, आणि इथं सहा गुंठे सिमेंट मोकळं? हा संघ शेवटचा कधी जिंकला?"

आम्ही सगळे आभाळाकडं बघायला लागलो.

शेवटी ठरलं. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिली फेरी जिंकली तर कोर्ट राहणार. हरलो तर पार्किंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी रेषा दोनदा मारलेल्या दिसल्या. मला फार वाईट वाटलं.

*

मग फर्स्ट इयरला आलेल्या भवानीनगरच्या ओंकारचा व्हिडिओ आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. अकरा बॉल, अकरा बास्केट! ग्रुपवर हात जोडण्याची साथच पसरली.

ओंकार कोर्टावर आला. पहिला बॉल रिंगच्या दोन फूट खाली. दुसरा दोन फूट खाली. अकराच्या अकरा तिथंच! काय ती अचूकता!

"घरी रिंग कुठं बांधलीयस रं?" तात्यांनी विचारलं.

"उसाच्या ट्रॉलीला." आणि उलट तोच आमच्यावर भडकला. "पन तुमची रिंग एवढी वर कुणी न्हेली?"

*

दुसरा मोहरा कन्हेरीचा प्रतीक. घरची कलिंगडं. शेतातून टेम्पोपर्यंत साखळी करून ती झेलत-फेकत हा लहानाचा मोठा झालेला. त्याचे पास बघून तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्टाच्या या टोकाहून त्या टोकाला, बरोबर छातीवर, अलगद.

फक्त ड्रिबल करायला तयार नाही.

"आपट की रं जमिनीवर!"

"माल फुटंल की, तात्या!"

फार समजावल्यावर त्यानं बॉल एकदाच आपटला. लगेच उचलला आणि चारी बाजूंनी फिरवून तपासला.

*

आमच्या पायऱ्यांवरचा बापू फ्लेक्स छापतो. संघ निवडला गेल्यावर त्याला राहवेना. दोन मोठे फ्लेक्स आले: "विजयाचे शिल्पकार!" अजून एकही मॅच न खेळलेल्या पोरांचे फोटो, त्यांच्या डोळ्यांवर कॉम्प्युटरनं चढवलेले गॉगल, खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळे आणि वरच्या कोपऱ्यात एक पुढारी. आता फ्लेक्स उंच जागी बांधायचा. कोर्टावर उंच काय? रिंग! बापूनं दोन्ही रिंग झाकून टाकल्या.

"आता प्रॅक्टिस कुठं करायची?" पोरांनी विचारलं.

"काढा की मग," मी म्हटलं.

"वर फोटो कुनाचा हाय बगितलं का? तू काढतूस?"

कुणीच काढला नाही. दहा दिवस पोरं फ्लेक्सवरच बॉल मारत होती. ओंकारचा प्रत्येक बॉल त्याच्याच नाकावर बसायचा. अकराव्या दिवशी वाऱ्यानं दोन्ही फ्लेक्स फाडले. वाऱ्याला पक्ष नसतो.

*

आणि तिसरा मोहरा समाधान. कळस गावचा. सहा फूट चार इंच! ॲडमिशनला ऑफिसच्या दारातून आत येताना वाकला, तेव्हा तात्यांनी त्याला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं.

वर गेलेला प्रत्येक बॉल त्याच्याच हातात यायचा. पण समोरचा "दे रे" म्हणाला, की हा देऊन टाकायचा!

"का दिलास?"

"मागितला त्यानं."

"अरं, विरोधी हाय त्यो!"

"असंल की. पन मागितल्याव न्हाय कसं म्हनायचं? आमच्या घरात कुनी कुनाला न्हाय म्हनत न्हाय."

एवढ्या संस्कारांपुढं कुणी काय करणार! शेवटी तात्यांनी स्वतः शिकवणी घेतली. महिनाभर, रोज अर्धा तास. समाधान बॉल धरून उभा, तात्या समोर.

"दे."

"घ्या की, तात्या."

"न्हाय म्हन!"

"न्हाय... पन तुमी थोरलं हाय."

प्राचार्य ऑफिसच्या खिडकीतून हे बघत असायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या आठवड्यात ते खिडकीत चहा घेऊन उभे राहायला लागले. चौथ्या आठवड्यात समाधाननं बॉल छातीशी घट्ट धरला, डोळे मिटले आणि कोर्ट दणाणेल असा ओरडला, "न्हाय!"

तात्यांनी पेढे वाटले.

*

पहिली फेरी आमच्याच कोर्टावर, इंदापूरच्या एका कॉलेजबरोबर. साहेब पुढच्या खुर्चीत, शेजारी टेप घेऊन पार्किंगचा ठेकेदार. तात्या बाकाच्या टोकावर. हाताला अजून फक्की.

समोरचा संघही आमच्यासारखाच निघाला, म्हणून मॅच रंगली. दहा सेकंद राहिले, आम्ही एका पॉइंटनं मागं. एक बास्केट, आणि कोर्ट वाचलं!

प्रतीकनं या टोकाहून कलिंगड सोडलं. थेट ओंकारच्या छातीवर. ओंकारनं नेम धरून मारलं. बरोब्बर दोन फूट खाली! आणि तिथं हात वर करून समाधान उभा. बॉल त्याच्या हातात. रिंग डोक्यावर. चार सेकंद!

इंदापूरचा कॅप्टन म्हणाला, "दे रे."

समाधाननं बॉल छातीशी घट्ट धरला. डोळे मिटले.

"न्हाय!"

"टाक!" आम्ही ओरडलो.

"न्हाय!"

"टाक की, बाळा, वर टाक!" तात्या हात जोडून ओरडत होते.

"न्हाय! न्हाय! न्हाय!"

शिट्टी वाजली.

समाधाननं डोळे उघडले आणि बॉल घेऊन धावत तात्यांकडं आला. "तात्या, कुनालाच दिला न्हाय बगा!"

तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीपर्यंत हात पोचायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. "न्हाय दिलास, बाळा. शाब्बास." त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात साहेब आले. त्यांचा शर्ट बाहेर आलेला, आवाज पार बसलेला. मागं टेप घेऊन ठेकेदार. तात्या मान खाली घालून उभे राहिले.

"तात्या, याला 'न्हाय' शिकवायला महिना लागला ना?"

"व्हय, सायेब."

"मग आता 'व्हय' शिकवायला किती लागेल?"

तात्यांनी मान वर केली. साहेबांच्या पायांतल्या चपलांकडं बघितलं.

"तुमी बूट घालून आला, तर पंधरा दिवस."