बुधवारची दुपार

माझी बहीण ब्लाउज शिवते. तिच्यासाठी मी दर बुधवारी दुपारी गुलमंडीतल्या मॅचिंगच्या दुकानात जाते, कारण तेव्हा गर्दी नसते. तिथला सेल्समन साडीचा पदर दाराशी उजेडात नेतो, त्यावर कापड धरतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, “नाय, हा जरा मळकट पडतो.” रंग जुळेपर्यंत सोडत नाही. मधेच कधीतरी छातीखाली मूठ दाबून धरतो.

गेल्या बुधवारी मी पोचले तेव्हा त्यानं नुकताच डबा उघडला होता. मेथीचा वास सुटला होता. मला बघताच त्यानं झाकण लावलं.

“जेवून घ्या, मी थांबते.”

“गिऱ्हाईक उभं असलं की घास उतरत नाय, बाई. दाखवा साडी.” आणि त्याची मूठ छातीखाली गेली.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नुसत्या वासानं जठरात आम्ल सुटतं, अन्न पोचलं की वाढतं, अन्न पुढं सरकलं की आतडंच त्या आम्लाला आवर घालतं, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. घास आलाच नाही तर काय होतं, तेही सांगते. आणि दर बुधवारी याच माणसाला हिरव्याच्या सगळ्या छटा काढायला लावते.

शरमेनं या बुधवारी मुद्दाम संध्याकाळी गेले. गर्दीतूनही त्यानं मला हेरलं.

“दुपारी वाट बघितली, बाई. तुम्ही याल म्हणून डबा उघडलाच नाय. उघडून झाकला की लई जळजळतं.”