‘इथं नमन’ कुठलं?

माझं शिक्षण चौथी. पास नव्हे, चौथीत बसलो होतो इतकंच. पण कुणाला काही देताना ‘इथं नमन’ म्हणायचं, हे मला बापानं शिकवलं. बाप सुतार. दारी आलेल्याच्या झोळीत पसाभर पीठ टाकलं की म्हणायचा, ‘इथं नमन.’ कुणाला पाट करून दिला, तरी तेच. का म्हणायचं विचारलं तर म्हणे, ‘देवाकडचं आहे.’

न्यूझीलंडात पापाटोएटोला मुलाकडे राहायला आलो तरी सवय गेली नाही. मागच्या अंगणात फिजोआचं झाड आहे. एप्रिलात फळांचा असा सडा पडतो की खाणार किती? पिशवी भरून कुंपणावरून शेजारच्या सामोअन बाईंना देतो आणि म्हणतो, ‘इथं नमन.’ त्यांना वाटलं, आमच्यात थँक्यू असंच म्हणतात. आता त्याही मला हात करून ओरडतात, ‘इटा नामन!’

घोळ झाला तो बुधवारच्या बैठकीत. मुलांकडे आलेले आम्ही आईबाप दुपारी एका हॉलमध्ये जमतो. मी चिवडा वाढत होतो. पुण्याचे एक रिटायर मास्तर आहेत, त्यांनी टोकलं, ‘हे काय पुटपुटता हो दर वेळी?’

‘गीतेतलं आहे.’

‘कितव्या अध्यायात?’

‘असेल कुठल्या तरी. अठरा आहेत ना?’

सगळे हसले. मास्तर म्हणाले, ‘अहो, गीता संस्कृतात आहे. त्यात ‘इथं’ कुठून येणार? वडिलांनी दिलं असेल ठोकून. सुतारच ना!’

परत हसले. मी चिवड्याचा डबा तिथंच ठेवला आणि चालत घरी आलो. पुढचे कितीतरी बुधवार गेलो नाही.

सूनबाईनं फोनवर शोधून बघितलं. काही सापडलं नाही. ‘बाबा, सोडून द्या ना. ढीगभर लोक काहीतरी चुकीचं म्हणतात. कोण लक्ष देतं?’

सोडतो कसला? मुलाकडून गीता मागवली, अर्थासकट. ओळीखाली बोट धरून अठराही अध्याय वाचले. दोन महिने लागले. नाही सापडलं. गीतेचं जाऊ द्या, मला एवढंच कळायला हवं होतं, की बाप माझ्याशी खोटं बोलला का? मोजमाप घेताना ज्यानं कुणाला सूतभर फसवलं नाही, त्यानं देवाचं नाव घेऊन पोराला काहीही सांगावं?

मग ऑगस्टात एका वास्तुशांतीला गेलो. घरमालक इथं शिकायला आलेला, आता बस चालवतो. घरात धूर झाला की छतावरचा अलार्म बोंबलतो, म्हणून होम गॅरेजात मांडला होता. माझ्या डोळ्यांना धूर सोसेना, तेव्हा बाहेर ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसलो. मास्तरही तिथंच, मधे दोन खुर्च्या सोडून. बोलणं बंदच.

वारा सुटला होता. आतून गुरुजींचा आवाज तुटक तुटक यायचा. स्वाहा झालं की मागोमाग घरमालक काहीतरी घाईघाईनं म्हणायचा. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा कान दिला.

‘इथं नमन.’

मी ताडकन उठलो. ‘मास्तर, ऐका!’

‘काय ऐकू?’

‘गप बसा आणि ऐका.’

परत आहुती पडली. परत तेच. मास्तरांनी चष्मा काढला, जसं काही कानाला लावायचा होता.

होम आटोपल्यावर गुरुजींना गाठलं. ‘तूप टाकल्यावर काय म्हणायला लावता?’

‘इदं न मम. म्हणजे, हे माझं नाही. दिलं ते दिलं, आजोबा.’

मग सगळं उलगडलं. बाप मोठ्या घरच्या होमाला लाकूड फोडून पोचवायचा. मांडवात त्याला घेत नसत. लाकूड टाकायचं आणि लांब उभं राहायचं. तिथून जे ऐकू आलं, ते त्यानं उचललं. शब्द वाऱ्यानं बिघडवले, पण देताना म्हणतात हे त्याला बरोबर दिसलं होतं. देवाकडचं आहे म्हणाला, ते खरंच होतं. गीतेचं नाव मीच चिकटवलं, कारण मला तेवढं एकच पुस्तक माहीत. चूक माझी. मास्तरांना हे सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवतो.

त्या दिवशी शुगर असून शिरा दोनदा घेतला. सूनबाईनं बघूनही न बघितल्यासारखं केलं.

दुसरी वाटी मास्तरांनीच आणून दिली. ‘तुमच्या वडिलांनी नीट ऐकलं नाही हो.’

‘लांबून ऐकलं, मास्तर.’

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मग म्हणाले, ‘मी ते ठोकून दिलं म्हणालो, ते चुकलंच माझं. बुधवारी या. आता मात्र नीट म्हणा, इदं न मम.’

‘तुम्ही म्हणा नीट. मी बापासारखंच म्हणणार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईंनी कुंपणावरून अळूचे दोन कंद दिले आणि हसून म्हणाल्या, ‘इटा नामन!’ मी काही दुरुस्ती केली नाही. त्यांनीही ते कुंपणापलीकडूनच ऐकलंय.